पाडणाऱ्याचे कर्तव्य

अंगावर धावून आलेल्याला आवरण्याचा अधिकार मनुष्यास आहे, याविषयी फारसा मतभेद आढळत नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. आवरताना त्याच्या हाडामांसाची काळजी वाहण्याचे कर्तव्यही आपलेच काय? जपानमधील आयकिदो या युद्धविद्येने हा प्रश्न ग्रंथात न ठेवता रोजच्या तालमीत आणला आहे. म्हणून तिचा विचार येथे करावासा वाटतो.

तिचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) हे सोकाकु ताकेदा यांच्यापाशी जुजुत्सूची एक कठोर परंपरा शिकले. पुढे ओनिसाबुरो देगुची यांच्या ओमोतो पंथाच्या सहवासात त्यांची दृष्टी पालटली. ‘आय’ म्हणजे मेळ, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. या विद्येत जोराला जोराने अडवीत नाहीत. हल्ल्याच्या रेषेतून किंचित बाजूस सरून आत शिरणे ही ‘इरिमी’. स्वतःभोवती वळून त्याचा वेग पुढे वाहू देणे हे ‘तेन्कान’. तोल गेला, की मनगट, कोपर वा खांदा यांच्या आधारे त्याला भूमीवर आणावयाचे.

‘कोते-गाएशी’ हा मनगट बाहेरच्या अंगास वळविण्याचा डाव पाहा. तो झटक्याने केला तर सांधा दुखावतो. वेग आवरून केला तर तोच मनुष्य लोळण घेऊन सुखरूप उठतो. डाव एकच, फळे दोन. तेव्हा दया डावात नसते. ती करणाऱ्याने आणावी लागते.

इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि त्या काळात उएशिबा यांनी लष्कराच्या व नौदलाच्या शिक्षणसंस्थांत ही विद्या शिकविली. ती गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९४२ मध्ये तोक्यो सोडून ते इवामा येथे गेले. तेथे शेती केली, देवस्थान उभारले, आणि उत्तरायुष्यात विश्वाशी मेळ साधणे हेच या विद्येचे प्रयोजन होय, असे आग्रहाने प्रतिपादिले.

शिष्यांचे मार्ग मात्र भिन्न झाले. गोझो शिओदा यांच्या योशिन्कान शाखेने डावांची काटेकोर बांधणी राखली. कोइची तोहेई यांनी ‘कि’च्या साधनेवर भर दिला. केन्जी तोमिकी यांनी तर स्पर्धा आणली, कारण मोकळ्या झुंजीत कसोटी लागल्यावाचून विद्येची सत्यता कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. उएशिबा यांना स्पर्धा मान्य नव्हती. तोमिकींचा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. ज्याने खरा विरोध कधी अनुभवला नाही, त्याची सौम्यता पुष्कळदा दुर्बळताच असते. परंतु विजयाची आस लागली, की समोरचे मनगट हे केवळ साधन होते, हेही तितकेच खरे.

या पेचाचे उत्तर मला तालमीच्या रीतीत दिसते. तालमीच्या जागेस ‘दोजो’ म्हणतात. ‘बोधिमंड’ या संस्कृत शब्दासाठी चीनमध्ये योजलेला प्रतिशब्दच जपानीत या रूपाने आला. तेथे पाडण्याइतकेच ‘उकेमी’, म्हणजे इजा न होता पडणेही, शिकावे लागते. दोघे एकमेकांस नमस्कार करतात, एक हल्ला करतो, दुसरा पाडतो. थोड्या वेळाने भूमिका पालटतात. आता ज्याचे मनगट माझ्या हाती आहे, त्याच्याच हाती क्षणभराने माझे असणार. आपण ज्याला आत्मौपम्य म्हणतो, ते येथे सांध्यासांध्यांतून शिकले जाते.

रस्त्यावरचा हल्लेखोर नमस्कार करीत नाही, हे मान्य. त्याच्यापुढे कोणतीही विद्या अभयाचे वचन देऊ शकत नाही, आणि प्राणावर बेतले असता दुखापत झाली, तर तिचा दोष बचाव करणाऱ्यास देता येणार नाही. पण जेथे सामर्थ्यामुळे निवडीला अवसर मिळतो, तेथे कर्तव्यही उपजते. ज्याच्या हाती मोडण्याची शक्ती आहे, त्यालाच न मोडण्याचे उत्तरदायित्व आहे. आणि ते टाळण्यासाठी समोरच्याचा अपराध पुढे करता येत नाही.