चुकीचा आकडा कुणाच्या हातून येतो?

रक्ततपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्त गोठू देत नाही. पेशी मोजायच्या असतील तर हीच नळी लागते. पण रक्त घेणाऱ्याने घाईत तिच्यातलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं आणि ती पोटॅशियमच्या तपासणीला पाठवली, तर अहवालात पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम घसरलेलं. यंत्र ठीक असतं, डॉक्टरही हुशार असतो, आणि तरी धावाधाव सुरू होते ती रुग्णाला नसलेल्या आजारावर.

मेडिकल असिस्टंटच्या करिअरची जाहिरात करणारी पत्रकं ‘सेवाभाव’ आणि ‘हमखास नोकरी’ यांपलीकडे सहसा जात नाहीत. या कामाची खरी अडचण त्यांत येत नाही. डॉक्टरने चुकीचं औषध लिहिलं तर औषधविक्रेता किंवा दुसरा डॉक्टर हटकू शकतो. साहाय्यकाची चूक मात्र आकडा होऊन कागदावर बसते, आणि कागदावरच्या आकड्याला कोण हटकणार? रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकवायची, पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, मध्ये बोलू द्यायचं नाही. हे सगळे पाळतात म्हणे! केस पेपरांच्या गठ्ठ्यात १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे शून्यावर संपणारेच आकडे दिसले, की मोजमाप किती आणि अंदाज किती हे ओळखता येतं.

भिवंडीत हे काम आणखी अवघड होतं. इथले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. घर मागे ठेवून उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कामगार दाटीवाटीच्या खोल्यांत राहतात. क्षयरोगाला असलीच जागा हवी असते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा साधा दंडक आहे. पण पाळी बुडाली की मजुरी बुडाली. त्यामुळे ‘खोकला किती दिवसांपासून?’ याचं खरं उत्तर सहज मिळत नाही. पद्मानगरच्या म्हातारीला तेलुगूत विचारणारी, शांतीनगरच्या तरुणाशी त्याच्या हिंदी-उर्दूत बोलणारी, खाडीकाठच्या गावातल्या आजीची आगरी बोली समजणारी मुलगी इथे तज्ज्ञाइतकी मोलाची ठरते. बरणी हातात देऊन ‘यात थुंका’ म्हटलं तर लाळ येते. लाळेत जंतू सापडला नाही तर आजारी माणूस निरोगी ठरून परत मागावर उभा राहतो. छातीतून खोल खोकून काढायचं, मोकळ्या हवेत, सकाळी, हे त्याला त्याच्या भाषेत पटवावं लागतं.

भिवंडीला शेजारी उभं राहून शिकायची सवय आहे. माग असाच शिकला जातो, आणि दवाखान्यातला कंपाउंडरही तसाच घडतो: आधी पट्ट्या, मग सलाईन, काही महिन्यांत इंजेक्शन. अशी माणसं हाताने तरबेज होतात, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण सुईचं टोपण पुन्हा का बसवायचं नाही, वापरलेली सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यातच का आणि सलाईनची नळी लाल पिशवीतच का, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय त्यांच्या हाती प्रमाणपत्र नसतं. डॉक्टरसाहेबांनी दवाखाना बंद केला की पंधरा वर्षांचा अनुभव दारात उभा राहतो.

याचा अर्थ पदवीच सर्वस्व असाही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बेताचं शिक्षण झालेल्या खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर ठरलेल्या नियमाने जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बायकांना मर्यादा आखून दिली होती, आणि त्यांनी लिहिलेली नोंद कुणीतरी पुन्हा जाऊन पडताळत होतं. भिवंडीच्या किती दवाखान्यांत साहाय्यकाची नोंद पडताळली जाते?

कायदाही आता जागा झाला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने अशा व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान २००० तास, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले, अशी अट घातली. प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह इथले तंत्रज्ञ त्यात येतात. तेव्हा कुणी सहा महिन्यांत लॅब टेक्निशियनची ‘पदविका’ देऊ करत असेल, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. रुग्णाला उठवणं-बसवणं, स्वच्छता, खाणंपिणं यांसाठी ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चा छोटा कौशल्य अभ्यासक्रम वेगळा आहे. तो प्रामाणिक आहे, फक्त तोच तंत्रज्ञाचा म्हणून विकला जाऊ नये. प्रवेशाआधी पालकांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: मान्यता कुणाची, आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात. दुसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर फी भरू नये.

राहतो पैशांचा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण आहे. मानकोली-काल्हेरच्या गोदामात बारावी झालेल्या मुलाला उद्यापासून काम मिळतं, पहिल्याच महिन्यात घरी पैसे येतात. दोन वर्षं फी भरायची, ठाणे-कळव्याला हेलपाटे घालायचे आणि नंतर सुरुवातीचा पगार गोदामाइतकाच, हे बापाला कसं पटवायचं? खासगी रुग्णालयं प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित हातांना सारखाच भाव देत राहतील, तोवर त्या बापाचं गणित चुकीचं म्हणता येणार नाही.