अंगाला लागलेलं

‘पोरगं खातं, पण अंगाला लागत नाही,’ ही मराठी घरातली जुनी तक्रार. अंगाला लागायला हवं ते नेमकं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. गाल वर आले की आजी निवांत, बरगड्या दिसल्या की पाप्याचं पितर. देहाच्या ठेवणीला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही: किडकिडीत, काटक, गुटगुटीत, थुलथुलीत. किडकिडीत आणि काटक यांतला फरक आजीला नजरेनं कळतो. वजनकाट्याला तो कळत नाही.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी व्हायची. चपला काढून काट्यावर उभं राहायचं, सर आकडा मोठ्यानं वाचायचे, मॉनिटर वहीत लिहून घ्यायचा. ‘बावन्न!’ असं ऐकू आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. आठवीतली एक मुलगी पुढच्या वर्षापासून नेमकी त्याच दिवशी आजारी पडू लागली. त्या बावन्न किलोंत हाड किती, स्नायू किती, चरबी किती, हे सरांनाही ठाऊक नव्हतं.

वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, हे गणित १८३२ सालचं, बेल्जियमच्या केतले या खगोलशास्त्रज्ञाचं. तो लठ्ठपणा नव्हे, सरासरी माणूस शोधत होता. पुढे १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं आणि बीएमआय जगभर चिकटला. त्याची मर्यादा पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्याच देहावर दाखवली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

या फरकाची मुळं जन्माआधीपासूनची आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत कमी पडली, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदाळ. अशी बाळं वयात येतात तेव्हा केवळ काट्यावर विसंबणं म्हणजे पाकीट न उघडता पत्र वाचणं.

पाकीट उघडायचे मार्ग आहेत. डेक्सा यंत्र क्ष-किरणांनी हाड, मेद आणि बाकीचा देह वेगळा दाखवतं; पण ते मोठं, महागडं आणि एका जागी बसवलेलं. चिमट्यानं कातडीची घडी मोजता येते, पण दोन माणसांचे चिमटे सारखे बसत नाहीत. अंगातून सूक्ष्म वीज सोडणारा काटा देहात किती पाणी आहे त्यावर आपलं मत बदलतो. म्हणून मुठीत मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्राकडे लक्ष गेलं. दंडावर किंवा मांडीवर गार जेल लावायचं, यंत्राचं टोक टेकवायचं. ध्वनिलहर चरबीतून सेकंदाला सुमारे १,४५० मीटर वेगानं जाते आणि चरबी संपून स्नायू सुरू होतो त्या सीमेवरून तिचा प्रतिध्वनी परततो. एक सेंटिमीटर थर ओलांडून परत यायला सेकंदाचा जेमतेम ७० हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून जाडी मिलिमीटरमध्ये निघते. किरणोत्सार नाही, चिमटा नाही, आणि यंत्र पिशवीत घालून शाळेत नेता येतं.

गोम आहे ती हातात. चरबी मऊ असते. टोक जरासं दाबलं तरी थर चेपतो आणि आकडा घटतो. म्हणून जेलचा जाड थर ठेवून, जवळजवळ न टेकवता मोजायचं असतं. मिलिमीटरवरून टक्के काढताना दुसरी चूक होते. ती सूत्रं बहुधा मोठ्यांच्या देहावर बेतलेली. वाढत्या मुलांच्या चरबीविरहित देहात पाणी जास्त आणि हाडांतली खनिजं कमी असतात. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी चढते आणि मुलांचे स्नायू भरतात, तो निसर्गाचा क्रम आहे, आजार नव्हे. शिवाय ही मोजणी कातडीखालच्या थराची. आतड्यांभोवती साठणारी, आपल्याकडे जास्त घातक ठरणारी चरबी तिच्यात धरलेली नसते. तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावरून निकाल लावण्यापेक्षा त्याच मुलाचे, त्याच जागेचे मिलिमीटर वर्षानुवर्षं जुळवून पाहणं शहाणपणाचं.

सोनोग्राफी म्हटलं की महाराष्ट्राला आणखी एक गोष्ट आठवायला हवी. हीच लहर आपण गर्भातली मुलगी शोधायला वापरली. १९८८ साली देशात पहिल्यांदा आपल्या राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. पिशवीतलं यंत्र गावोगाव फिरू नये म्हणून २०१२ साली फिरत्या यंत्रांवर वेगळे निर्बंध आले. अंगावरची चरबी मोजणारी काही साधी यंत्रं चित्रसुद्धा काढत नाहीत, फक्त प्रतिध्वनीची रेघ दाखवतात. पण चित्र दाखवणारं यंत्र शाळेत न्यायचं तर हा कायदा आडवा येणार, आणि तो यावाच. लहर निर्दोष असते; ती कोणासाठी आणि कशासाठी सोडली, हा प्रश्न यंत्र सुटसुटीत होत जातं तसा अधिकच टोचतो.

मोजायला माझा विरोध नाही. न मोजल्यानं बारीक दिसणारी, आतून मेदाळ मुलं सुटून जातात आणि पुढे मधुमेहाच्या रांगेत उभी राहतात. अट एवढीच, की टोक टेकवताना जो हलका हात लागतो तोच आकडा सांगतानाही लागावा: पडद्याआड, एकेकाला, त्याच्या वाढीच्या संदर्भासह. यंत्र नवं आलं आणि आकडा मात्र तसाच मोठ्यानं वाचला गेला, तर आठवीतली ती मुलगी त्याही दिवशी आजारीच पडेल.