माझं नाही

व्हर्च्युअल सर्व्हरांवर विंडोजचं नेटवर्क लोड बॅलन्सिंग युनिकास्ट मोडमध्ये बसवलं, की सगळ्यांचा मॅक अ‍ॅड्रेस एकच होतो. व्हीएमवेअरमधली ‘नोटिफाय स्विचेस’ ही सेटिंग तेव्हा बंद करावी लागते. नाहीतर हा पत्ता एकाच पोर्टवर आहे असं स्विच धरून चालतो. आपल्याला हवं असतं उलटं: प्रत्येक विनंती सगळ्यांपर्यंत पोचावी. इथे काम वाटून देणारा मुकादम नसतो. प्रत्येक सर्व्हर ठरलेल्या सूत्राने हिशोब करतो. उत्तर ‘माझं नाही’ आलं, की पॅकेट सोडून देतो.

एका रात्री आमच्या चारपैकी एका सर्व्हरवरची वेबसेवा अडकली. मशीन मात्र दर सेकंदाला हार्टबीट पाठवत होतं, म्हणून बाकीच्यांच्या लेखी ते जिवंत. ‘सिंगल अ‍ॅफिनिटी’मुळे त्याच्या वाट्याचे लोक पुन्हापुन्हा त्याच्याकडेच जात राहिले. अर्जाची शेवटची तारीख होती. तीन धडधाकट सर्व्हरांनी त्यांची प्रत्येक हाक ऐकली आणि नियमाप्रमाणे सोडून दिली.

अलर्ट मीही पाहिला होता. शिफ्ट माझी नव्हती. झोपलो.

सगळ्यांनीच उत्तर दिलं तर गोंधळ होईल, म्हणून वाटणी हवीच. पण वाटणीने काम कुणाचं एवढंच ठरतं. ते झालं का, हे बघणं कुणाच्याच वाट्याला येत नाही. सर्व्हरांना ऐकू आलं, कळलं नाही. मला कळलं होतं.

सेवा अडकली की सर्व्हरला क्लस्टरमधून बाहेर काढणारी स्क्रिप्ट मी दुसऱ्या दिवशी लिहिली. सर्व्हरांचा प्रश्न तेवढ्याने सुटला.