रुग्णाचे ऋण आणि शिकविण्याचा धर्म

ज्ञान देणे हा दात्याचा अनुग्रह आहे, की त्याने फेडावयाचे ते ऋण आहे, हा प्रश्न आपल्याकडे प्रायः ब्रह्मविद्येच्या संदर्भात विचारला गेला. परंतु ज्या विद्येवर जित्या माणसाचा श्वास अवलंबून असतो त्या शुश्रूषेच्या विद्येत तो आज अधिक निकडीने उभा आहे, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात तर त्याचे उत्तर एखाद्या बाळंतिणीच्या जिवाशी निगडित आहे.

परिचारिकेने वैद्याच्या हुकुमाची अंमलबजावणी करण्यावरच न थांबता, ठरावीक मर्यादेत स्वतः रोग्याची तपासणी व उपचार करावेत, या विचाराला अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी अभ्यासक्रमाचे रूप दिले. भारत सरकारने २०१८ साली प्रसूतिसेवेपुरता तोच मार्ग स्वीकारून नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ घडविण्याचे धोरण जाहीर केले. असे शिक्षण वर्गाच्या चार भिंतींत पुरे होत नाही. अमेरिकेत अनुभवी मार्गदर्शक शोधण्याचा भार पुष्कळदा विद्यार्थिनीवरच पडतो, आणि काहींना त्यासाठी पदरचे पैसेही मोजावे लागतात. आपल्याकडे संस्था रुग्णालयाकडे अर्ज करते, मंजुरी येते, आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा कुंवर तिलकसिंह किंवा बाई गंगाबाई यांसारख्या रुग्णालयाच्या दारात विद्यार्थिनी लॉगबुक घेऊन उभी राहते. परंतु त्या मंजुरीने वॉर्डात पाऊल ठेवता येते एवढेच, शेजारी उभे करून शिकविणारी परिसेविका त्या कागदाने लाभत नाही.

मग गुरू कोणी शोधावा? छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल स्वतःहून हारिद्रुमत गौतमाकडे गेला, आपले गोत्र आपणास ठाऊक नाही हे निर्व्याजपणे सांगता झाला, आणि त्या सत्यनिष्ठेवर संतुष्ट होऊन ऋषीने त्याला समिधा आणावयास सांगितले. शिष्याने शोधावे व गुरूने पारखून घ्यावे, हा त्या परंपरेचा शिरस्ता. परंतु याच जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या कचारगडावर, जेथे माघी पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड भाविक जमतात, तेथे दुसरी एक श्रद्धा नांदते: गुहेत कोंडल्या गेलेल्या लेकरांसाठी जंगो रायताड कळवळली, हिरासुका पाटालीर याने त्यांच्या मुक्तीसाठी प्राण वेचले, आणि पारी कुपार लिंगोने त्या मुलांना शिष्य करून कोया पुनेम या गोंड धर्माची शिकवण दिली. येथे गुरूच शिष्यांच्या बंद दाराशी गेला आहे.

शुश्रूषेच्या विद्येला हा दुसरा मार्गच शोभतो असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्या विद्येच्या उगमात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने शुश्रूषा करणाऱ्यालाही स्थान दिले आहे, आणि त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण अपेक्षिले आहेत. यांपैकी ज्ञान काही अंशी पुस्तकातून येते; दक्षता आणि अनुराग मात्र दुसऱ्याच्या आचरणात पाहिल्यावाचून अंगी बाणत नाहीत. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवताच गर्भाशय सैल पडला असून रक्तस्राव वाढणार हे ज्या परिसेविकेला कळते, सिकलसेलच्या वेदनेने तळमळणाऱ्या मुलाचा श्वास जरा बदलताच जी सावध होते, तिला हे कोणी दिले? ज्यांच्या देहांनी तिला शिकविले त्या शेकडो रुग्णांनी. त्यांतील कित्येक आज हयात नाहीत, आणि कित्येकांची नावे दफ्तरातही सापडावयाची नाहीत. तैत्तिरीय संहितेत सांगितलेल्या तीन ऋणांपैकी पितृऋण मागे परत करता येत नाही, ते संततीच्या रूपाने पुढच्यांना देऊनच फिटते. रुग्णाचे ऋणही तसेच, उद्याच्या रुग्णाला, आणि म्हणून आजच्या विद्यार्थिनीला देऊनच फेडावे लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही आदराने ऐकावेत असे आहेत. भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकेने शिकवावे केव्हा, हा पहिला. त्याचे उत्तर शासनाने व रुग्णालयांनी द्यावयाचे आहे, आणि शिकविण्याचा वेळ ड्यूटीत रीतसर धरल्याखेरीज ते उत्तर प्रामाणिक ठरणार नाही. वेदनेत असलेल्या स्त्रीला कोणाच्या शिक्षणाचे साधन का करावे, हा दुसरा. तिची अनुमती घ्यावी, आडपडदा राखावा, आणि तिने नकार दिला तर तो निमूटपणे मानावा, हे निर्विवाद. परंतु जी मुलगी अनुभवी हाताच्या साक्षीने शिकली नाही, तीच उद्या देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रावर एकटीने शिकणार आहे, आणि त्या वेळी समोरच्या स्त्रीला आपण पहिल्याच आहोत हे कोणी सांगितलेलेही नसेल. अनुमतीने व देखरेखीखाली होणाऱ्या शिक्षणापेक्षा असे अनभिज्ञ शिक्षण कितीतरी अधिक अधर्म्य आहे.

म्हणून वॉर्डावॉर्डांतील ज्येष्ठ परिचारिका भगिनींना माझी विनंती आहे की, लॉगबुकावर सही करण्यापूर्वी त्या मुलीला नावाने हाक मारून जवळ बोलवावे, रुग्णाची अनुमती घेऊन तिचा हात आपल्या हाताशेजारी ठेवावा, आणि आपल्या हाताला काय कळते ते तिला शब्दांत सांगावे. रुग्णांकडून मिळालेली विद्या स्वतःपाशीच राखून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.