वळण आणि वजनकाटा

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात मोटारींचे एक नवे कूळ उदयास आले. बेताच्या आकाराची, साध्या घडणीची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात दांडगे इंजिन बसवायचे, एवढाच त्यामागचा विचार. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही या कुळातील आद्य गाडी मानली जाते. ‘मसल कार’ हे नाव अगदी सार्थ होते. गाडी कसली, आखाड्यातला पहिलवानच तो! सरळ रस्त्यावर पाव मैलात भल्याभल्यांना मागे टाकावे, पण रस्ता वळला की पहिलवानाची त्रेधा उडावी.

अशी जुनी गाडी वळणावळणाच्या शर्यतमार्गासाठी तयार करणे हा तिकडे आजही अनेकांचा ध्यास आहे. शर्यत म्हटली की प्रथम इंजिनाची ताकद वाढवायची, अशी माझी भाबडी समजूत होती. वस्तुतः जाणकार इंजिनाला सर्वांत शेवटी हात लावतात. १९६७ ची शेव्हरोले कॅमेरो घ्या. तिचे वजन नाकाकडे झुकलेले. वळणावर ती कलली की पुढचे बाहेरच्या अंगाचे चाकही तिच्याबरोबर कलते आणि टायर केवळ कडेवर टेकतो. मागचा अखंड ॲक्सल पाट्यांवर बसवलेला. जोराने वेग दिला की पाटे पिळवटतात आणि चाके उड्या मारतात. ड्रमचे ब्रेक असतील तर काही फेऱ्यांतच तापून ढिले पडतात. लांब वळणावर तेल चेंबरच्या एका अंगाला धावते, पंप हवा ओढू लागतो आणि इंजिन आतून कोरडे पडते. यावर आजचे रुंद टायर चढवले तर पकड इतकी वाढते की सांगाडाच पिळतो. म्हणजे एक उणीव झाकावी तर दुसरी डोके वर काढते.

मग कारागीर काय करतो? वरच्या आर्मचा सांधा थोडा खाली घेतो, म्हणजे कललेल्या गाडीचेही चाक जमिनीवर नीट उभे राहते. पुढची चौकट आणि मागचे धड पोलादी पट्ट्यांनी जोडतो. डिस्क ब्रेक बसवून त्यांच्यापर्यंत वारा पोहोचवतो, चेंबरमध्ये पडदे घालतो, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा उभारतो. यांपैकी बहुतेक गोष्टी बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. जुन्या वस्तूला हात लावणे हाच काहींना अपराध वाटतो. मला तसे वाटत नाही. गाडीचे दोष ओळखून ते निवारणे हा तिचा सन्मानच आहे. आणि या कामात लबाडीला वाव नाही. वळणापुढे वशिला चालत नाही. चुकीचे माप घेतले, सांधा कच्चा ठेवला, तर पहिल्याच वळणावर निकाल लागतो.

परंतु शर्यतीत आणखी एक न्यायाधीश असतो. तो म्हणजे वजनकाटा. आणि नेमका इथेच प्रश्न अवघड होतो.

मार्क डॉनह्यू हा ब्राउन विद्यापीठाचा यंत्र-अभियंता. रॉजर पेन्स्के यांच्या चमूसाठी तो शर्यती चालवी आणि गाड्याही घडवी. १९६६ पासून सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम मालिकेत इंजिनावर पाच लिटरची मर्यादा होती. शेव्हरोलेने त्या मर्यादेत बरोबर मावेल असे ३०२ घनइंची इंजिन सिद्ध केले आणि ते कॅमेरो झेड/२८ मध्ये घातले. १९६७ साली अशा अवघ्या ६०२ गाड्या निघाल्या. ही चतुराई खरी. पण सारे उघड्यावर, नियमाला मान देऊन केलेले. डॉनह्यूची चाचणीची पद्धतही शास्त्रशुद्ध होती. गाडी वर्तुळात फिरवून तिची पकड मोजायची, एक बदल करायचा, पुन्हा मोजायचे. वळणाशी इतका प्रामाणिक माणूस विरळाच.

त्याच माणसाच्या चमूने एका कॅमेरोचे धड आम्लात बुडवून पत्रा झिजवून पातळ केला. किमान वजनाचा नियम स्पष्ट होता. गाडी त्याहून हलकी झाली. १९६८ साली सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत चमूच्या दोन गाड्या होत्या. नियमात बसणारी गाडी तपासणीला नेली, परत आणली, तिचा क्रमांक बदलला आणि दुसरी गाडी म्हणून तीच पुन्हा तपासनीसापुढे उभी केली. त्या दोन्ही गाड्या एकंदरीत तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. हा किस्सा डॉनह्यूने पुढे स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितला. पुस्तकाचे नावही बोलके आहे: ‘द अनफेअर ॲडव्हांटेज’.

त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. सगळेच तसे करीत, हे पहिले. पण आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात, ते बाजारातील सगळ्याच दुकानदारांनी केले म्हणून पुण्य होत नाही. पत्रा पातळ करणे हेही कौशल्यच, हे दुसरे. मान्य, परंतु क्रमांक बदलून तपासनीसाला चकवणे यात कोणती यंत्रविद्या आली? तिसरा मुद्दा मला अधिक छळतो. त्याने कबुली दिली ना? येथे आपण कॅथलिक वाचक थोडे अडखळू. पश्चात्तापाविना सांगितलेले पाप हे निवेदन की बढाई? त्याच्या मनात शिरण्याचा अधिकार मला नाही. इतके मात्र दिसते की फसगत नियमपुस्तकाची झाली नव्हती. कागदाला काय कळते? फसले ते सोबतचे स्पर्धक. ते आपल्या गाडीतील उणीव शोधत रात्र-रात्र जागले असतील, आणि ती उणीव त्यांच्या गाडीत नव्हतीच.

१९६८ च्या ट्रान्स-ॲम मालिकेतील तेरापैकी दहा शर्यती डॉनह्यूने जिंकल्या. त्यांतील किती आम्लामुळे आणि किती अंगच्या गुणांमुळे, हे आता कोणी सांगू शकणार नाही. कदाचित एकही आम्लामुळे नसेल. अप्रामाणिकपणाची खरी किंमत मला इथे दिसते: निखळ कर्तृत्वावरही एक प्रश्नचिन्ह कायमचे उमटले, आणि ते पुसण्याचे साधन त्याच्याकडेही उरले नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात शर्यतीपूर्वीच्या सरावात झालेल्या अपघातानंतर त्याचे निधन झाले.

जुन्या गाड्यांच्या हौशी शर्यतींतही आज तपासनीस असतो, त्या काळाला धरून ठेवलेले नियम असतात आणि ते वाकवू पाहणारेही असतात. तिथे बक्षीस म्हणाल तर फार तर एक चषक! आणि ती आम्लात बुडवलेली कॅमेरो? ती आता संग्राहकांची लाडकी आहे. जाणकार तिला ‘लाइटवेट’ याच नावाने ओळखतात. जो पातळ पत्रा एकेकाळी तपासनीसापासून लपवावा लागला, तोच आता तिच्या अस्सलपणाचा पुरावा मानला जातो.