आनंदाचे रसायन आणि दुःखाचे औचित्य

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून केवळ पाण्यावर राहावयास सांगतो. त्यानंतर तो त्याला वेदमंत्र म्हणावयास सांगतो, तेव्हा बारा वर्षे अध्ययन केलेल्या त्या तरुणाला काहीच आठवत नाही. तो जेवतो आणि स्मृती परत येते. मन अन्नमय आहे हे तत्त्व पित्याने येथे प्रयोगाने पटवून दिले आहे. मनाचे व्यापार शरीरातील द्रव्यांवर अवलंबून असतात हा विचार केवळ आधुनिक विज्ञानाचा आहे असे मानणाऱ्याने ही कथा अवश्य पाहावी.

चार्वाकांनी हाच धागा टोकाला नेला. किण्वादी द्रव्यांच्या मिश्रणातून जशी मदशक्ती उत्पन्न होते, तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, असा त्यांचा पक्ष ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नोंदलेला आहे. उलट तैत्तिरीय उपनिषदात अन्नमय कोश ही पहिली पायरी आहे आणि आनंदमय कोश शेवटची. अन्नावाचून आनंद नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी: ज्याच्यावाचून आनंद संभवत नाही, तेच आनंदाचे संपूर्ण स्वरूप मानावयाचे काय?

विसाव्या शतकात या प्रश्नाला जो नवा संदर्भ लाभला, त्याच्या इतिहासात भारतीय भूमीचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती येथील वैद्यकाला पूर्वापार परिचित होती. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे हे औषध रक्तदाबासाठी घेणारे काही रुग्ण खोल खिन्नतेत बुडाल्याच्या नोंदी होऊ लागल्या. त्याच १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनायझिड हे औषध घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन आदी द्रव्यांचा साठा घटतो, तर आयप्रोनायझिडमुळे त्यांचे विघटन मंदावते, असे पुढे आढळले. या निरीक्षणांच्या आधारे १९६० च्या दशकात एक सिद्धान्त उभा राहिला: खिन्नता म्हणजे मेंदूतील अशा द्रव्यांची न्यूनता.

हा सिद्धान्त लोकमानसात जितका सोपा होऊन पसरला, तितका तो प्रयोगशाळेत टिकला नाही. सेरोटोनिनच्या न्यूनतेमुळे खिन्नता येते याला सुसंगत पुरावा आढळत नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेने काढला. त्यावर मतभेद झाले. पण औषधाने अनेक रुग्णांना बरे वाटते, या अनुभवाला त्यामुळे बाध येत नाही. ज्वर औषधाने उतरला म्हणून ज्वराचे कारण त्या औषधाचा अभाव हे होते, असे कोणी म्हणत नाही. डोपामिनची कथाही अशीच आहे. त्याला सुखाचे द्रव्य म्हणण्याची रूढी पडली, परंतु १९९० च्या दशकातील वोल्फराम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत डोपामिनच्या पेशी अपेक्षेहून अधिक लाभ झाला म्हणजे उद्दीपित होत आणि अपेक्षित लाभ हुकला म्हणजे मंदावत, असे दिसले. लाभ पूर्णपणे अपेक्षित असेल तर तो मिळाल्यावर त्यांत विशेष फरक पडत नसे. तृप्ती सवयीची झाली की तिची चव का जाते, हा नीतिग्रंथांचा जुना विषय येथे शरीरशास्त्राच्या भाषेत पुन्हा भेटतो. १९९२ मध्ये जेरुसलेम येथे मेंदूत सापडलेल्या एका द्रव्याला तर संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदामाइड’ हे नाव दिले. नाव मात्र द्रव्याला मिळाले. आनंदाची व्याख्या तेवढ्याने पुरी झाली नाही.

या ज्ञानाचा पहिला नैतिक लाभ निर्विवाद आहे. खिन्न मनुष्याला आळशी, दुबळा किंवा कृतघ्न ठरवण्याची क्रूर रीत समाजात फार जुनी आहे. खिन्नतेला शारीरिक अधिष्ठान असते हे मान्य झाले की दोषारोपाची जागा शुश्रूषेला घेता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरावे आणि शासनाने तिची काळजी घ्यावी, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले. ज्याला पूर्वी अपराध म्हटले जाई, ते दुःख म्हणून ओळखले जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु याच ज्ञानातून एक दुसरी चूकही संभवते. कर्जाने पिचलेला शेतकरी किंवा अपत्यशोकाने मूक झालेली माता यांच्या मेंदूतही काही बदल घडत असणारच. म्हणून त्यांचे दुःख हा रसायनाचा बिघाड ठरतो काय? भाव नेहमी कशाविषयी तरी असतो आणि त्या विषयाशी तो उचित किंवा अनुचित असतो. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले; भावजीवनालाही ही कसोटी लावता येते. अपत्यशोक हे प्रेमाचेच एक रूप आहे. शोकाला उपचार लागू शकतो, पण त्याला असत्य म्हणता येत नाही. कर्जबाजारी मनुष्याला केवळ गोळी देऊन कर्जाविषयी मौन पाळणारा समाज उपचाराच्या नावाखाली स्वतःची जबाबदारी टाळत असतो.

१९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने एका काल्पनिक यंत्राचा दाखला दिला. त्याला जोडून घेणाऱ्यास हवे ते सर्व अनुभव मिळतात, मात्र प्रत्यक्षात काहीच घडत नाही. अशा यंत्रात आयुष्य घालवावे काय, असे त्याने विचारले. मनुष्याला सुखाची संवेदना हवी असतेच, पण त्या सुखाला वास्तवाचा आधार असावा असेही त्याला वाटते. करुण नाटक पाहून रडलेला प्रेक्षक पुन्हा नाट्यगृहात येतो, ही गोष्टही याच दिशेने बोलते. ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र-गुणचंद्र यांनी बाराव्या शतकात रसांना सुखदुःखात्मक म्हटले, ते या दृष्टीने विचारणीय आहे.

मग मन प्रसन्न ठेवण्याच्या नित्याच्या उपायांचे मोल काय? वेळेवर झोप, सकाळचा प्रकाश, चालणे, माणसांचा सहवास आणि हाताला गुंतवणारे काम यांचा मनःस्थितीवर परिणाम होतो, हे अनुभवाने व अभ्यासाने पुष्कळ अंशी सिद्ध आहे. त्यांचे वैशिष्ट्य असे की, चालणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे असते आणि भेटणाऱ्याचे समोरच्या माणसाकडे. जो क्षणोक्षणी आपल्या सुखाची मोजदाद करीत बसतो, त्याला ते बहुधा निसटते. महाराष्ट्रात पहाटे दळण दळताना स्त्रियांनी ज्या ओव्या गायिल्या, त्यांत माहेरची ओढ आणि सासुरवास यांचे शब्द आहेत. जात्याची लय, लांबलेला श्वास आणि खुंट्याला हात लावणारी दुसरी सोबतीण यांनी मनाला दिलासा मिळत असणार. तथापि ओवीने दुःख नाकारले नाही. तिने त्याला शब्द दिले आणि श्रोता दिला. आणि ओवीने दळणारीला आधार दिला म्हणून सासुरवास न्याय्य ठरत नाही, हेही विसरता कामा नये.

मनःस्थितीचे रसायन जाणणे हे मनुष्याच्या हिताचेच आहे. त्याचा उपयोग कसा करावयाचा, हे मात्र रसायन सांगू शकत नाही. समोरच्याच्या खिन्नतेला औषध हवे, विश्रांती हवी, सोबत हवी की न्याय हवा, हे ओळखण्यासाठी त्याचे ऐकून घ्यावे लागते. श्वेतकेतूची स्मृती अन्नाने परत आली. पण त्याला उपाशी राहावयास का सांगितले होते, हे समजण्यासाठी त्याला पुन्हा पित्यासमोर बसावे लागले.