भग्न गड आणि जागे अंतःकरण



पृथ्वीवर संचार करून पूर्वीच्या लोकांचा शेवट पाहावा, अशी प्रेरणा दिव्य कुरआन वारंवार देतो. सूरह हजमध्ये या प्रवासाचा हेतूही स्पष्ट केला आहे : अंतःकरणाला समज यावी. डोळे शाबूत असूनही माणूस अंतःकरणाने आंधळा राहू शकतो, हा इशारा तेथे आहे.

पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याची आपली कुटुंबे डबे बांधून चिखलदऱ्याला जातात आणि गाविलगड पाहतात. तेथून आपण काय घेऊन परततो?

इ.स. १४२५ मध्ये बहामनी सुलतान अहमदशाह वली यांनी हा गड बांधला. १४८८ मध्ये फत्हुल्लाह इमादुल्मुल्क यांनी त्याची डागडुजी केली. वऱ्हाडची इमादशाही त्यांनीच स्थापिली. पुढे अहमदनगरकर, मोगल, नागपूरकर भोसले असे धनी बदलत गेले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला लढाई झाली आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड जिंकला. त्या इंग्रजांचे राज्यही आज उरलेले नाही. राज्य देणारा आणि काढून घेणारा केवळ अल्लाह आहे; गाविलगडाचा प्रत्येक दरवाजा याची साक्ष देतो.

ज्या काळ्या दगडावर हा गड उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा होय. त्याच दगडाची झीज होऊन आपली कपाशी-तुरीची काळी माती झाली. इटलीत मात्र इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई हे रोमन शहर राखेखाली गाडले. एकाच प्रकारची आग कोठे मृत्यू ठरली, तर कोठे युगांनंतर अन्न झाली. दोन्ही त्याच्याच आज्ञेने.

तबूकच्या मोहिमेत समूद लोकांच्या हिज्र येथील वस्तीजवळून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना तेथे रडत प्रवेश करण्यास सांगितले आणि स्वतः मस्तक झाकून वेगाने पुढे गेले. समूदवर कोप झाला, हे आपल्याला वह्यने कळले. गाविलगड वा पाँपेई यांविषयी असा निवाडा देण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसऱ्यांच्या पापांची मोजदाद करणे ही इबरत नव्हे. भग्न भिंतीसमोर स्वतःचा हिशेब मांडणे, ही इबरत होय.

म्हणून गडावर जाताना काही शिष्टाचार पाळावेत. भिंतींवर नावे कोरू नयेत; ज्यांनी त्या बांधल्या त्यांचीच नावे लोक विसरले आहेत. कचरा परत आणावा. नमाजची वेळ झाली तर स्वच्छ जागा पाहून ती अदा करावी. पूर्वजांच्या वैभवाचा गर्व मुलांच्या मनात भरण्यापेक्षा त्या वैभवाचे काय झाले, हे त्यांना सांगावे.

गडावर जामा मशीदही आहे. तिची पडझड पाहून आपण हळहळतो. पण ती ओस पडली याला आपण जबाबदार नाही. आपल्या मोहल्ल्यातील मशीद शाबूत आहे, दिवे आहेत, वुजूला पाणी आहे. तरी फज्रला एक सफ भरत नाही. त्या ओसाडपणाचा जाब मात्र आपल्यालाच विचारला जाईल.

अल्लाह आपल्याला पाहणारे डोळे आणि समजणारे अंतःकरण प्रदान करो. आमीन.